दुपट्याचे शंभर ग्रॅम

मुलगी एकोणीस दिवसांची होईपर्यंत मला चौतीस सल्ले मिळाले होते. मी मोजले होते, कारण मोजमाप हाच माझा धंदा आहे. त्यातले अकरा नुसते उशीबद्दल होते. उशी मांडीवर घ्या, पाठीशी घ्या, मुळीच घेऊ नका. सात जणांच्या मते मी पाणी कमी पीत होते आणि दोघांच्या मते फार पीत होते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत नजरेनेच मापून घेतलं आणि विचारलं, "दूध आहे ना पण?" दूध होतं. अंगावरचे कपडे दिवसातून तीनदा बदलावे लागत इतकं होतं. फक्त ते छटाकच्या पोटात जात नव्हतं.

छटाक म्हणजे आमची मुलगी. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर उचलून न्यायचे. नवऱ्याने पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाला, "छटाकभर तर आहे! तुझ्या खात्याला शोभेल." तेच नाव पडलं. खरं तर ती जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे पन्नास ग्रॅमची होती, म्हणजे चांगली होती.

तिचं एक पिणं पन्नास मिनिटं चालायचं. ती अधाशासारखी तोंड उघडायची, लागायची, दोन-चार घोट ओढायची आणि टक्‌ असा आवाज होऊन पकड सुटायची. पुन्हा लागायची, पुन्हा टक्‌. जेवढं दूध तोंडात जाई त्यातलं निम्मं ओठाच्या कोपऱ्यातून मानेच्या वळीत उतरे. पकड राहत नाही म्हणून ती हिरड्यांनी चावायची, आणि मला अशा जखमा झाल्या होत्या की तिला जवळ घेताना मी दात-ओठ आवळत असे. शेवटी ती दमून झोपायची. खाली ठेवली की वीस मिनिटांत पुन्हा टाहो. पोर भुकेने रडायची आणि मला तिची भीती वाटायची. स्वतःच्या पोटच्या, तीन किलोच्या आतल्या पोरीची भीती. हे मी कुणाला सांगितलं नाही, नाहीतर पस्तिसावा सल्ला आला असता.

जिभेचं पहिल्यांदा सासूबाईंनी हेरलं. सासूबाई छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासत होत्या. त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, तिथे नात काय सुटणार? सहाव्या दिवशी छटाक रडत असताना त्या चष्मा कपाळावर चढवून तिच्या तोंडात डोकावल्या.

"अगं, हिची जीभ वर येतच नाही. रडताना बाळाची जीभ कशी उचलली जाते. हिची खालीच बसून राहते. आणि टोक बघ, मधेच आत ओढल्यासारखं."

मी पाहिलं. जिभेखाली एक पातळ पांढरट पडदा होता, थेट टोकापर्यंत आलेला. जिभेला कुणीतरी खालून धरून ठेवावं, तशी ती जागच्या जागी वळवळत होती.

दर गुरुवारी बाळांच्या दवाखान्यात वजनाची फेरी असे. तिथल्या डॉक्टरांना मी हे दाखवलं. त्यांनी टॉर्च मारला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हो, टंग-टाय आहे. जिभेखालचा पडदा बराच पुढे आलाय. काही बाळांना त्रास होतो, काहींना मुळीच होत नाही. वजन वाढतंय ना?"

"वाढतंय," सिस्टर नोंदवहीत बघून म्हणाल्या.

"मग हात लावायचा नाही."

"पण डॉक्टर, ती पन्नास मिनिटं पिते. आणि तरी उपाशी असते."

"पहिलं बाळ?"

या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पहिलं बाळ असलेल्या बाईला डोळे नसतात असा यांचा समज असावा. मी हो म्हटलं. त्यांनी मला एक छापील फॉर्म दाखवला. पडदा कापायला पुढे पाठवायचं तर तो भरावा लागे, आणि त्यात चौथा प्रश्न होता, 'वजनवाढ समाधानकारक आहे का?' तिथे 'होय' लिहिलं की फॉर्म तिथेच संपत होता. पुढची पानं 'नाही'वाल्यांसाठी होती.

आणि वजन समाधानकारक होतं. पाचव्या दिवशी दोन किलो सातशे चाळीस, म्हणजे जन्मानंतर सगळ्यांचं उतरतं तसं उतरलेलं. बाराव्या दिवशी दोन किलो नऊशे. एकोणिसाव्या दिवशी तीन किलो पन्नास. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढतो. जलवाहिन्या आखणाऱ्या हातानेच त्याने आलेख काढला. टोकदार पेन्सिल, खाली दिवस, उभ्या बाजूला ग्रॅम, आणि चढत जाणारी सुबक रेघ. तो त्याने फ्रीजच्या दारावर लावला. येणारा-जाणारा आधी आलेख बघायचा आणि मग माझ्याकडे, 'उगाच रडतेस' अशा नजरेने.

सासूबाई मात्र आलेखाकडे बघत नव्हत्या. त्या लंगोट वाळत घालत होत्या.

"दिवसात तीन ओले," त्या म्हणाल्या. "हिचा बाप बारा भिजवायचा. वजन वाढतंय तर लंगोट कोरडे कसे? आत काही गेलं तर बाहेर येईल ना?"

"आई, काटा खोटं बोलत नाही."

"काट्याला नसेल बोलता येत खोटं. लोकांना येतं."

"त्या काट्यावर माझा शिक्का आहे. सात महिन्यांचं पोट घेऊन मी स्वतः तपासलाय तो."

हे मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी मापात मारणाऱ्या दुकानदारांसाठी राखून ठेवलेला आहे. सासूबाईंनी हातातला लंगोट झटकला आणि दोरीवर टाकला. खरंच होतं ते. दवाखाना माझ्याच हद्दीत येतो. दर गुरुवारी आत शिरल्याबरोबर मी आधी काट्याच्या कडेला असलेलं शिशाचं सील बघायची. सील शाबूत, त्यावर माझा निरीक्षकाचा आकडा सात. मग माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी छटाकचे कपडे काढायला घ्यायची. माझी छाती सांगत होती पोर उपाशी आहे, पोर स्वतः टाहो फोडून सांगत होती, सासूबाई लंगोट दाखवून सांगत होत्या. मी सगळ्यांना सील दाखवत होते.

सव्विसाव्या दिवशी गारठा इतका होता की दवाखान्याच्या काचांवर वाफ धरली होती. त्या गुरुवारी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. रांग लांब होती. दोन तासांनी आमचा नंबर लागला. कामावर असते तेव्हा याच सिस्टर मला 'मॅडम' म्हणून खुर्ची देतात. रांगेत मी 'चला पुढच्या बाळाची आई' होते.

सिस्टर गोल चेहऱ्याच्या, मायाळू. बाळांशी इतक्या गोड बोलतात की आयांनाही झोप यावी. त्यांनी छटाकला काट्यावर ठेवलं, तिच्या पायाला गुदगुल्या केल्या, आणि नोंदवहीत लिहिलं.

"तीन किलो दोनशे! बघा, कशी वाढतेय राणी!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एरवी त्या बाळाला दुपट्यासकट उचलून, गुंडाळून आईच्या हातात देत. या वेळी त्या फोन कानाला लावून खिडकीकडे गेल्या. छटाक काट्यावर रडायला लागली. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तिला नुसतं उचललं. दुपटं काट्यावरच राहिलं.

मी सीलकडे बघत होते. सवयीने नजर वर गेली. बाळ सासूबाईंच्या खांद्यावर होतं आणि काट्यावर आकडा होता शून्य दशांश चार नऊ शून्य.

चारशे नव्वद ग्रॅम.

मी ट्रेकडे पाहिलं. एक घडी घातलेलं दुपटं. त्याच्याखाली आणखी एक. त्याच्याखाली एक मऊ लोकरी पांघरूण, चौपदरी.

"सिस्टर," मी म्हटलं. "फोन ठेवा."

त्यांनी ठेवला. माझा आवाज तसा होता.

"हे दुपट्यांचं वजन कुठे धरलं?"

"धरते की. दुपट्याचे शंभर वजा करते मी. नेहमीच करते."

"ही तीन आहेत."

"थंडी वाढली ना हो. ट्रे गारठलेला असतो, उघडी बाळं दचकतात त्याच्यावर. आधी एकच पातळ होतं, मग त्याच्या जागी जाड घातलं, मागच्या आठवड्यात जोडीला दुसरं, या आठवड्यात पांघरूण आणलं घरून."

"आणि वजा?"

"शंभर," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनीही आकड्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी पांघरुणं उचलली, काटा शून्यावर आणला, सासूबाईंच्या खांद्यावरून छटाकला घेतली आणि त्या गार ट्रेवर उघडी ठेवली. ती दचकली, किंचाळली. दोन किलो आठशे दहा. सव्वीस दिवसांत ती जन्माच्या वजनालाही पोचली नव्हती. दर गुरुवारी वाढत होती ती थंडी. आमच्या फ्रीजवर दुपट्यांचा आलेख लावलेला होता.

आता माझं काम काय आहे ते सांगते. फळवाला पेटीसकट फळं काट्यावर ठेवतो आणि म्हणतो, "पेटीचे दोनशे धरले, ताई." मी म्हणते, "धरू नकोस. तोल." रिकाम्या पेटीचा आधी धडा करायचा, म्हणजे तिचं वजन बाजूला काढायचं, मग माल ठेवायचा. हे भाषण मी दिवसातून दहा वेळा देते. अंदाजाने धरलेल्या पेटीसाठी मी लोकांचे काटे उचलून नेलेत. आणि माझी पोर चार गुरुवार पेटीसकट तोलली गेली, मी समोर उभी असताना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवा मीच होते.

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. सासूबाईंनी नंतर सांगितलं की 'पंधरा वर्षं दुपटी तोलताय तुम्ही' असं एक वाक्य त्यात होतं. रांगेतल्या आया आपापली बाळं छातीशी धरून उभ्या राहिल्या. डॉक्टर आतून आले. त्यांनी आकडा पाहिला, नोंदवही पाहिली, छटाकच्या पोटावरची सैल कातडी चिमटीत धरून पाहिली. पहिलं बाळ का, असं त्यांनी या खेपेला विचारलं नाही. त्यांनी फॉर्म ओढला आणि चौथ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं.

"अंगावर पाजून झालं की दूध काढून चमच्याने द्या, दर दोन-अडीच तासांनी, झोपली असली तरी उठवून," ते म्हणाले. "ओले लंगोट यापेक्षा कमी झाले किंवा मलूल वाटली तर थांबू नका, थेट इथे आणा. आणि पडद्याचं उद्याच दाखवा."

उद्या. एवढ्या सोप्या शब्दाला माणसाने भुलू नये. फॉर्मवर 'मुखविभाग' छापलेलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या इस्पितळाच्या दातांच्या विभागात जाऊन बसलो. तासाभराने खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कोणता दात?"

"दात नाहीत तिला."

"मग इथे कशाला आलात?"

"जीभ आहे."

"जीभ आमच्याकडे नाही. जीभ कान-नाक-घशाकडे."

हद्दीची भांडणं मला नवी नाहीत. एका बाजारातल्या रस्त्याची डावी बाजू माझी आणि उजवी दुसऱ्या निरीक्षकाची आहे, त्यामुळे उजवीकडचा खाटीक गेली तीन वर्षं सुखात आहे. पण माणसाच्या तोंडातही हद्दी आखलेल्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. कान-नाक-घसा दुसऱ्या इमारतीत होतं आणि ते बाराला बंद झालं होतं.

शनिवारी तिथे गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म घेतला, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि भुवया वर केल्या. "या कागदावर वजन दोन आठशे दहा. आमच्या इथे तुमच्या दवाखान्याची नोंद दिसतेय तीन दोनशे, समाधानकारक. खरं कोणतं?"

"खरं तुमच्यासमोर आहे. तोलून बघा."

"तोलायचं काम आमच्याकडे नाही. नोंद ज्यांनी केली त्यांनीच दुरुस्त करायची. तोवर मला तारीख देता येत नाही."

"अहो बाई, पोर भुकेली आहे!"

"सगळ्यांचीच घाई असते," त्या म्हणाल्या. मी खिडकीतून हात घालणार होते, पण नवऱ्याने माझा दंड धरला. तो भांडत नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "नोंद दुरुस्त करून आणू." मी त्याला म्हटलं, तू आलेख दुरुस्त कर जा. घरी गेल्यावर त्याने आलेख उतरवला, घडी केली आणि टेबलाच्या खणात टाकला, आणि मग मला त्याचंही वाईट वाटलं. वाईट वाटायला वेळ नव्हता. दर अडीच तासांनी दूध काढायचं, चमचा, वाटी, पुसणं, उकळणं. छटाक चमच्याने पिताना अर्धं अंगावर सांडायची. नवरा वाटी धरायचा, सासूबाई हनुवटी धरायच्या आणि मी चमचा. तीन शिकलीसवरलेली माणसं एका पोरीला घोटभर दूध पाजताना घामाघूम व्हायची. पण लंगोट ओले व्हायला लागले, आणि सासूबाई ते दोरीवर घालताना मोठ्याने मोजू लागल्या.

सोमवारी मी दवाखान्यात गेले ती कंबर कसूनच. बरोबर खात्याची पेटी होती, पितळी वजनांची. काट्याला सील ठोकून तो बंद पाडायचा असं रस्ताभर मनात घोकत होते. नियमात बसत नव्हतं. काटा बिचारा खराच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण मला कुणाला तरी फाशी द्यायचीच होती.

सिस्टर एकट्या होत्या. टेबलावर नोंदवही उघडी होती आणि त्यांच्या हातात लाल पेन होतं. ट्रे रिकामा, नुसता कागद पसरलेला. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"एकतीस बाळं आहेत या महिन्यातली," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "सगळ्यांना फोन केलेत. एकवीस येऊन गेली. पुन्हा तोलली. तुमच्या छटाकसारखी आणखी दोन निघाली."

मी तरी बोललेच. आणलेलं सगळं बोलले. शनिवारच्या कारकूनबाईंचंही त्यांच्यावर काढलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाल्या, "माझी चूक आहे, मॅडम. मी नाही म्हणत नाही. पण एक सांगू का? तुम्ही काटा तपासायला आला होतात ना, तेव्हाही दुपटं काट्यावरच होतं."

"मी काढलं असणार. त्याशिवाय तपासणी होत नाही."

"काढलंत की. काढून बाजूला ठेवलंत, तुमची वजनं ठेवून काटा तपासलात, शिक्का मारलात. मग ते दुपटं तुम्हीच नीट घडी करून परत त्याच्यावर घातलंत. हात फिरवलात त्याच्यावरून. मला म्हणालात, किती मऊ आहे हो, माझं पण येईल इथेच."

मला आठवलं. पाठ भरून आली होती, पोटात ती लाथा मारत होती. पिवळ्या फुलाफुलांचं दुपटं होतं. मी ते दोन्ही तळव्यांनी सपाट केलं होतं आणि फार बरं वाटलं होतं. फळवाल्याच्या काट्यावर पेटी दिसली असती तर मी त्याला कोर्टात उभा केला असता. इथे मी स्वतः पेटी ठेवून आले होते.

मी खुर्चीत बसले. पितळी वजनांची पेटी मांडीवर होती, ती उघडायचं धाडस झालं नाही.

"तुमच्याकडे बघून मला वाटलं, चालतं असं," सिस्टर म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं.

त्यांनी छटाकच्या नावापुढचे तीन आकडे लाल रेघेने खोडले. बाराव्या दिवसाचं दुपटं आणि त्याच्या जोडीचं दुसरं दुपटं त्यांनी तोलून ठेवलं होतं, त्यावरून खरे आकडे काढले. दोन सातशे ऐंशी, दोन सातशे नव्वद, दोन आठशे दहा. खाली सही केली, आणि मग पेन माझ्याकडे केलं. साक्षीदार म्हणून कुणीतरी सही करायची होती. मी केली. सात नंबर घातला नाही, नुसतं 'बाळाची आई' लिहिलं.

दुरुस्त नोंद खिडकीत दाखवल्यावर तारीख मिळाली आणि बुधवारी पडदा कापला. कापणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी छटाकला चादरीत घट्ट गुंडाळलं आणि डोकं धरायला कुणी आहे का विचारलं. नवरा पुढे झाला, पांढरा पडला आणि मागे आला. सासूबाईंनी धरलं. डॉक्टरांनी दोन बोटांनी जीभ वर उचलली, सुन्न करणारं औषध लावलं, छोट्या कात्रीने एकदा, मग आणखी जरासं कापलं. कापसाच्या बोळ्यावर रक्ताचे दोन ठिपके. छटाकची किंकाळी ऐकून माझी छाती झरझर भिजली.

"झालं. पाजा," डॉक्टर म्हणाल्या.

एवढंच? बत्तीस दिवस, एक फॉर्म, दोन इमारती, लाल पेन, आणि काम अर्ध्या मिनिटाचं. मी पोरीला छातीशी लावलं. आता ती खऱ्या बाळासारखी पिणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहिले. टक्‌. पकड सुटली. पुन्हा टक्‌. मग ती नुसतीच रडायला लागली.

"कापलं ना पण!" मी डॉक्टरांवर ओरडले. ओरडायची आता सवयच लागली होती.

"जीभ मोकळी झाली. ती वापरायची कशी हे तिला ठाऊक नाही. महिनाभराची सवय आहे. शिकेल. प्रत्येक वेळी आधी छातीशी लावा, मग चमचा."

"किती दिवस?"

"ते तीच ठरवणार," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाळाला बोलावलं.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते विचारू नका. सल्ल्यांची संख्या एकावन्नवर गेली. शिंपीणबाई म्हणाल्या, कापायलाच नको होतं. नवऱ्याच्या कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, आणखी कापायला हवं होतं. मी दर वेळी छटाकला लावायची आणि ती दर वेळी चिडायची, तिला चमचाच बरा वाटू लागला होता. मला तिचा राग येत होता. महिन्याच्या पोरीचा राग. तुझ्यासाठी मी साऱ्या गावाशी भांडले आणि तुला नुसती जीभ उचलायचा कंटाळा? असं मी तिला खरोखर म्हणाले. ती माझ्याकडे बघून जांभई देत राहिली, आणि जांभईत तिची जीभ टाळूपर्यंत वर गेली. मी रडले आणि पुन्हा चमचा धुवायला घेतला.

सोमवारी दुपारी मी तिला लावलं ते काही आशा धरून नव्हे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लावायचं आणि दहा मिनिटांनी चमचा घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. चमचा-वाटी शेजारी तयार होती. नवरा कामावर गेला होता, सासूबाई न्हाणीघरात कपडे धूत होत्या. छटाकने तोंड उघडलं, लागली. मी सवयीने दात-ओठ आवळले आणि टक्‌ची वाट बघत राहिले.

टक्‌ झालं नाही. दुखलंही नाही. एक वेगळाच आवाज येत होता, खोल, सावकाश, मधे मधे थांबणारा. तिच्या कानाजवळची शीर हलत होती. मी श्वास घ्यायलाही घाबरत होते. खिडकीबाहेर कुणीतरी मोटार सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती, आणि मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होते, की बाबा रे, गप्प बस जरा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिची वळलेली मूठ सैल झाली, बोटं एकेक करून उलगडली.

आणि बाराव्या मिनिटाला तिने मला सोडलं.

डोकं मागे टाकलं, तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबलेले. रडणं नाही, काही नाही. मी तिला पुन्हा लावायला गेले, तिने तोंड फिरवलं. गालाला बोट लावलं, तिने झोपेतच मान वळवली. पन्नास मिनिटं पिणारी पोर बारा मिनिटांत गप्प?

"आई! अहो आई, लवकर या! ही घेत नाहीये! काहीतरी झालंय हिला!"

सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. खाली वाकल्या, चष्मा नाकावर सरकवला, छटाकच्या तोंडाकडे, पोटाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ओला हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला.

"काही झालेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "पोट भरलंय तिचं."

मी छटाककडे बघत राहिले. सदतीस दिवसांची आई होते मी, आणि पोट भरलेलं बाळ कसं दिसतं हे मला माहीतच नव्हतं.